अप्पा, तुम्ही आतच होतात

अप्पा, तुमच्या डोक्यातलं पाणी मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. सुनेनं सासऱ्याच्या डोक्याच्या आत डोकावून पाहावं असे योग फार घरांत येत नसतील. आपल्या घरात आला, कारण मी स्कॅन सेंटरमध्ये एमआरआयचं मशीन चालवते, आणि त्या दिवशी मशीनमध्ये तुम्ही होतात. काचेच्या अलीकडे मी बसले होते. पडद्यावर एकेक चित्र उमटत होतं, आणि मेंदूच्या मधोमध जिथं फुलपाखराच्या पंखांसारख्या दोन बारीक पोकळ्या असायच्या, तिथं दोन डोह दिसत होते. काळेभोर, काठोकाठ भरलेले.

तुम्हाला जाऊन महिनासुद्धा झालेला नाही. भेटायला येणारे तुमच्या आवाजाविषयी बोलतात, तुमच्या छत्रीविषयी, भर उन्हात देवळाच्या तापलेल्या दगडांवरून अनवाणी चालायच्या तुमच्या सवयीविषयी. मी चहा-कॉफी देते, ऐकते, मान हलवते. माझं मन मात्र त्या दोन डोहांपाशी जातं. कारण तुम्ही याआधी एकदा गेला होतात, आणि परत आला होतात. या वेळच्या जाण्याकडे मला त्या पहिल्या जाण्यावाचून बघताच येत नाही.

मी सातारची. रघूशी लग्न ठरलं तेव्हा आईला वाटलं होतं, तमिळ मुलखात पोरगी मुकी होईल. कुंभकोणमच्या स्टेशनावर तुम्ही पुढं आलात आणि विचारलंत, "प्रवास चोखट जाला कीं?" मला हसू फुटलं. चोखट म्हणजे छान, एवढं लक्षात आलं, पण शेकडो वर्षांपूर्वी तिकडं गेलेल्या तुमच्या मराठी घराण्यातलं असं मराठी मी कुणा जिवंत माणसाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. तुम्ही रागावला नाहीत. गाडीत सामान चढवताना शांतपणे म्हणालात, "आम्ही भाषा ठेवलों होतों जपून. तुम्ही लोकं ती रोज वापरून झिजवलांत." आपलं भांडण त्या दिवशी सुरू झालं ते कधी मिटलंच नाही. मी 'मी सांगितलं' म्हणायची, तुम्ही 'मी सांगिटलों' म्हणायचात, आणि दोघंही एकमेकांना दुरुस्त करत राहायचो.

महाराष्ट्रातून नवग्रहांच्या देवळांना येणाऱ्या लोकांना तुम्ही वाटाडे म्हणून फिरवायचात, आणि त्यांना तुमचं हेच मराठी आवडायचं. पहाटे ड्रायव्हर सेल्वमची व्हॅन दारात यायची. तुम्ही पुढच्या सीटवर बसून मागं वळून बोलत राहायचात. तिंगळूरला चंद्र, आलंगुडीला गुरू, तिरुनागेश्वरमला राहू, मग सूर्यनारकोयिल, कंजनूर, आणि पुढं समुद्राच्या बाजूला उतरत शेवटी तिरुनळ्ळारचा शनी. एका दिवसात नऊ देवळं. बार्शीची, जालन्याची, नाशकाची म्हातारी माणसं तुमच्या मागं धापा टाकत यायची, आणि तुम्ही छत्री उंच धरून पुढं. तुमचं वय तुमच्या पायांना कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून ते पायांतच आधी दिसलं. तिरुनागेश्वरमच्या उंबऱ्याशी. लोक आत गेले आणि तुम्ही दारात उभेच राहिलात. सेल्वमनं नंतर सांगितलं, की तुम्ही पाय उचलायला बघत होतात, पण तळवा दगडाला डिंकानं चिकटवल्यासारखा जागचा हलत नव्हता. मंडळींतली एक बाई घाबरून म्हणाली, राहूनं पाय धरला. तुम्ही म्हणालात, "राहू म्हणजे नुसतं डोकं, बाई. तो पाय कशानं धरील?" सगळे हसले. तुम्हीही हसलात. आणि पाय तरीही उचलला नाही. शेवटी सेल्वमनं बगलेत हात घालून तुम्हाला पलीकडे नेलं.

पुढं दीड-दोन वर्षं आम्ही तुम्हाला हळूहळू कमी होताना पाहिलं. पावलं आखूड झाली, पाय फाकले, वळताना तुम्ही जागच्या जागी गिरक्या घेतल्यासारखे बारीक पाय टाकायचात. मग लघवी आवरेनाशी झाली. सासूबाईंनी, अम्मांनी, त्याबद्दल कधी एक शब्द उच्चारला नाही, फक्त दोरीवर वाळणारी धोतरं वाढली. मग नावं गेली, वार गेले. एका डॉक्टरांनी कंपवाताचा प्रकार असेल म्हणून गोळ्या दिल्या, त्यांचा काही उपयोग झाला नाही. दुसरे म्हणाले, वय आहे. आधीच्या एका साध्या स्कॅनवर 'वयोमानानुसार मेंदू आकसलेला' असं लिहून आलं होतं, आणि आम्हीही तेच धरून बसलो.

शेवटी बोलणं थांबलं. मला वाटतं ते सगळ्यांत अवघड होतं. ज्या घरात एका माणसाचा आवाज ओसरीपासून मागच्या विहिरीपर्यंत भरलेला असायचा, तिथं भांड्यांचे आवाज ऐकू यायला लागले. काही विचारलं तर तुम्ही बघत राहायचात. चेहऱ्यावर दुःख नाही, राग नाही, काहीच नाही. रघू म्हणायचा, "अप्पा आता नाहीत ग. हे नुसतं शरीर आहे." अम्मा हे ऐकायच्या आणि तुमच्या कपाळाला गंध लावत म्हणायच्या, "असं बोलूं नको. अस्की आहे आंत. बाहेर यायला वाट नाहीं." अस्की म्हणजे सगळं. सगळं आत आहे. मला तेव्हा ती बायकोची माया वाटली होती.

तुम्ही अंगणात पडलात, डोक्याला टेंगूळ आलं, म्हणून मी हट्टानं तुम्हाला सेंटरला नेलं. मशीनच्या फळीवर मीच तुम्हाला आडवं केलं, कानात कापूस घातला, डोक्यावर तो पिंजरा बसवला. तुमचे डोळे माझ्याकडे होते. एरवी मी माणसांना सांगते, घाबरू नका, थोडा आवाज होईल. तुम्हाला सांगितलं की नाही, मला आठवत नाही. तुम्हाला समजत नाही असं मी धरूनच चालले असेन.

चित्रं वाचणं माझं काम नाही. ते रेडिऑलॉजिस्टचं. पण रोज तेच बघणाऱ्या डोळ्यांना वेगळं काही आलं की कळतं. आमचे डॉक्टर माझ्या शेजारी येऊन बसले. बराच वेळ चित्रं पुढं-मागं करत राहिले आणि मग पडद्यावरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "चालताना यांचे पाय जमिनीला चिकटतात का?" मी हो म्हटलं. "लघवीचा त्रास?" मी परत हो म्हटलं. तेव्हा ते माझ्याकडे वळले. म्हणाले, "म्हातारपणानं मेंदू आकसला तर त्याच्या घड्या मोकळ्या होतात. यांच्या तर माथ्याशी दाटून आल्यात. हे पाणी आहे. हे काढता येतं, निदान बघता तरी येतं."

नंतर मी ते तुम्हाला पुष्कळदा समजावलं, आणि तुम्ही ते व्हॅनमधल्या लोकांना तुमच्या पद्धतीनं सांगायला लागलात. डोक्यात रोज पाणी तयार होतं आणि रोज जिरतं. तुमचं नीट जिरत नव्हतं. कंबरेतून सुई घालून दाब मोजला तर तो नेहमीएवढाच भरतो, म्हणून तर हा आजार लपून राहतो. पण आतल्या पोकळ्या फुगत जातात, आणि त्यांच्या कडेकडेनं जाणारे मेंदूतले धागे ताणले जातात. पायांकडे जाणारे, लघवीवर ताबा ठेवणारे, एका भागाचं म्हणणं दुसऱ्या भागाला पोहोचवणारे. धागे तुटलेले असतीलच असं नाही. ताणलेले असतात.

चेन्नईच्या मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टर बाई ठेंगण्या, भरभर बोलणाऱ्या. कशालाही त्यांचं उत्तर एकच, "पार्क्कलाम." बघू या. सकाळी त्यांनी तुम्हाला कॉरिडॉरमध्ये चालवलं. दोन माणसांनी धरून. मग कंबरेतून एक पेलाभरसुद्धा नसेल इतकं पाणी काढलं. मी ते बघितलं. स्वच्छ, नितळ, आपल्या घरच्या फिल्टरच्या पाण्यासारखं. मला काही वाटलं नाही. एवढ्याशा पाण्यानं काय होणार, असं मात्र वाटलं.

दुपारी रघू औषधं आणायला खाली गेला होता. अम्मा डब्यातला दहीभात कालवत होत्या. मी फोनवर होते. अम्मांनी घास घेऊन मागं वळून पाहिलं तर पलंग रिकामा.

मी धावत कॉरिडॉरमध्ये आले. तुम्ही टोकाच्या खिडकीपाशी उभे होतात. कुणीही धरलेलं नव्हतं. एक हात गजावर, आणि दुसऱ्या हातानं तुम्ही शेजारच्या माणसाला काहीतरी दाखवत होतात. तो तिरुनेल्वेलीहून भावाच्या उपचारांसाठी आलेला. भाऊ बरा झाला की नवग्रहांना जाईन म्हणून त्यानं नवस बोलला होता, आणि सुरुवात तिरुनळ्ळारनं करायची म्हणत होता. तुम्ही त्याला स्वच्छ तमिळमध्ये सांगत होतात, की तिरुनळ्ळार शेवटी ठेवा, आधी तिंगळूर करा, पहाटेच निघा, नाहीतर दुपारी देवळं बंद असतात आणि माणूस उन्हात नुसता बसून राहतो.

मी हाक मारणार होते. अम्मांनी माझा हात धरला. दह्याचा हात तसाच, त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि तुमचं बोलणं ऐकत राहिल्या, अगदी शेवटपर्यंत, जणू मध्ये कुणी खोकलं तरी ते थांबेल. मी माझ्या नोकरीत माणसाच्या शरीराच्या आतलं पुष्कळ पाहिलंय, अप्पा. पण त्या दुपारसारखं काही पाहिलेलं नाही. सकाळी दोन माणसांच्या आधारानं ओढत नेलेला माणूस, आणि मध्ये काय घडलं, तर पेलाभर पाणी.

डॉक्टर बाईंनी आधीच सांगितलं होतं, की हे टिकणार नाही. पाणी परत भरतं. ही फक्त परीक्षा. टिकवायचं तर डोक्यातून पोटापर्यंत कातडीखालून बारीक नळी घालावी लागते, मध्ये पाणी हळूहळू सोडणारी एक झडप. आणि मग त्यांनी धोकेही सांगितले. आत रक्तस्राव होऊ शकतो, जंतू शिरू शकतात, या वयात भूलसुद्धा सोपी नाही. चालणं बहुधा सुधारेल, आठवणीचं सांगता येत नाही.

रघूचा धीर होईना. तुमचं हृदय आधीच कमजोर. तो म्हणाला, "आता बरं वाटतंय ना, अप्पा? थोडे दिवस तसंच बघू. घाई कशाला?" त्याला तुम्ही नुकते परत मिळाला होतात आणि तो तुम्हाला लगेच टेबलावर ठेवायला तयार नव्हता. मी दोघांच्या मध्ये बसले होते.

तुम्ही म्हणालात, "रघू, काल मी खिडकीपर्यंत गेलों. आज दारापर्यंत. उद्यां या पलंगावर असेन. मला कळतें तें. जें विचारायचं तें आत्तांच विचार. मग मी सांपडणार नाहीं."

"आणि ऑपरेशनात काही झालं तर?"

"जालं तर जालं."

मग तुम्ही खाली बघितलंत. आख्ख्या आयुष्यात तुमच्या तोंडून मी भीती हा शब्द ऐकला नव्हता. "पुनः आंत जायला मी भितों," तुम्ही म्हणालात.

रघू उठून बाहेर गेला. परत आला तेव्हा डोळे धुतलेले होते. तो म्हणाला, "सही कुठं करायची ते विचारून आलो. तुम्हीच करा, अप्पा. मी धरतो." तुम्ही सही केलीत. अक्षरं वाकडी आली, पण ती तुमचीच होती. दोन दिवसांनी तुम्हाला आत नेलं तेव्हा तुम्ही पुन्हा जवळजवळ गप्प झाला होतात. तुमच्या वतीनं उत्तर देणारा तुमचाच शब्द मात्र आमच्यापाशी होता.

तुम्ही परत आलात. एका दुपारीत नाही, हळूहळू, पाणी ओसरल्यावर बांध जसा आधी नुसता ओला दिसतो तसे. महिनाभरात काठी सुटली. धोतरांची दोरी मोकळी झाली. आवाज ओसरीपासून विहिरीपर्यंत गेला. कानामागं झडपेचा उंचवटा होता, त्याला तुम्ही आल्यागेल्याचं बोट लावायला द्यायचात. सांगायचात, "कावेरीचा एक कालवा आतां माझ्या पोटांत येतो." सगळं परत आलं असं मात्र नाही. नवी नावं तुमच्यात कधीच टिकली नाहीत. व्हॅनमधल्या माणसाला तुम्ही दिवसातून तीनदा गाव विचारायचात. बाळू म्हणून आलेला बंडू होऊन परत जायचा. तुम्ही स्वतःच त्यावर हसायचात, आणि ते हसणंही परत आलेल्या गोष्टींतलंच होतं.

चेन्नईला अशा रुग्णांचा एक वेगळा, लांब स्कॅन करतात, तो तुमचा ऑपरेशनच्या आधी केला होता. मग वर्षभरानं पुन्हा बोलावलं. तेव्हा मी रजा काढून बरोबर आले. नंतर झडप तपासून घ्यावी लागते, चुंबकानं तिचं माप हलू शकतं, म्हणून तर मला यायचंच होतं. त्या स्कॅनमध्ये माणसाला काहीच करायचं नसतं. डोळे मिटायचे, झोपायचं नाही, मुद्दाम कशाचा विचार करायचा नाही. मी स्वतः कितीतरी लोकांना हे सांगितलंय आणि मला वाटायचं, त्या वेळात मशीन एका थांबलेल्या घराचा फोटो काढतं.

डॉक्टर बाईंनी आम्हाला दोन चित्रं शेजारी-शेजारी दाखवली. म्हणाल्या, रिकामा बसलेला मेंदू रिकामा नसतो. काही भाग लांब-लांब असूनही एका तालात कुजबुजत असतात. बसल्या बसल्या आपण मागचं आठवतो, उद्याचं ठरवतो, स्वतःशी बोलतो, ते तिथं चालतं. पहिल्या चित्रात तुमचे ते भाग एकमेकांपासून सुटल्यासारखे दिसत होते. जो तो आपापल्या कोपऱ्यात. दुसऱ्यात त्यातले काही पुन्हा एका तालात आले होते. काही आलेच नव्हते. आणि एकदोन ठिकाणी नवीनच जोड दिसत होती. "आधीसारखं झालं असं नाही म्हणता येणार," त्या म्हणाल्या. "जे उरलं त्यानं नव्यानं जमवून घेतलंय. आणि खरं सांगू का, एका माणसाच्या चित्रावरून मी यातलं काहीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. आम्ही सगळेच अजून शिकतोय."

मग त्यांनी सहज विचारलं, "आत पडल्या पडल्या काय केलंत?"

"नऊ देवळं केली," तुम्ही तमिळमध्ये म्हणालात. "तिंगळूरपासून."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "मी काही विचार करू नका म्हटलं होतं."

"विचार कुठं केला? नुसता हिंडलो."

त्या हसल्या. मीही हसले. मग त्या जरा थांबून म्हणाल्या, "आणि मागच्या वेळी? ऑपरेशनच्या आधी? तेव्हाचं काही आठवतं?"

तुम्ही बराच वेळ खिडकीकडे बघत होतात. मला वाटलं, आठवत नसेल. मग म्हणालात, "व्हॅनमध्ये बसलो होतो. व्हॅन सुटलीच नाही."

डॉक्टर बाई त्या पहिल्या चित्राकडे बघत होत्या. मी तुमच्याकडे. मशीन चालवण्यात माझी किती वर्षं गेली आणि त्या पोकळ नळीत माझ्यासमोर पडलेली माणसं काय काय करत होती, कुठं कुठं पोहोचत होती की पोहोचू शकत नव्हती, हे मला पहिल्यांदा त्या दिवशी उमगलं. त्या रात्रीच्या गाडीनं परत येताना मी तुमच्या झोपलेल्या डोक्याकडे पाहत राहिले. पांढरे विरळ केस, कानामागचा तो उंचवटा. त्याच्या आत एवढं सगळं. मला हात जोडावेसे वाटले. जोडले नाहीत. तुम्ही जागे होऊन कारण विचारलं असतंत.

मग आपलं दुसरं भांडण सुरू झालं. मी म्हणायची, "अप्पा, तुम्ही त्या वेळी थोडे कमी होतात. माणूस म्हणजे ते धागे, त्यांची ती कुजबुज. ती सुटली, तेव्हा तेवढे तुम्ही नव्हतात." तुम्ही म्हणायचात, "मी होतों."

"कशावरून?"

"मी सांगतों त्यावरून."

"तो पुरावा नाही."

"तुझं चित्र पुरावा आहे, आणि मी नाहीं?" अम्मा स्वयंपाकघरातून तुमच्या बाजूनं बोलायच्या. रघू पेपर वर धरायचा. कधी तुम्ही त्या काळातली एखादी गोष्ट सांगायचात, की विहिरीचा रहाट बदलला तेव्हा अमका माणूस आला होता. मी म्हणायची, हे तुम्ही नंतर ऐकलं असेल. तुम्ही चिडायचात, कॉफीच्या पेल्याखालचा दबरा बाजूला सरकवायचात, आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा. तीन वर्षं. मला ते भांडण संपायला नको होतं, हे तुम्हाला माहीत होतं का?

या वर्षी तुम्ही थकत गेलात. ते पाणी नव्हतं, हृदय होतं. डोकं शेवटपर्यंत चाललं. एका संध्याकाळी तुम्ही आणि मी ओसरीवर होतो, मी शेंगा सोलत होते आणि तुम्ही काही न विचारता बोलायला लागलात. म्हणालात, "तूं पुरावा विचारतेस. पुरावा नाहीं. पण कसं होतं तें सांगतों. मी घरांत फार आंत बसलों आहें, आणि बाहेरून कोणी हांक मारतें. मला ऐकूं येतें. मी उठतों. पण दारापर्यंत यायला वेळ लागतो, फार वेळ. येतों, तोंपर्यंत हांक मारणारा निघून गेलेला. रोज असंच. लोकं चांगली होतीं. पण थांबत नव्हतीं."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. मी म्हटलं, "अम्मा?"

"ती थांबत होती," तुम्ही म्हणालात. "तिला काम होतं, तरी."

मी वाद घालणारी बाई, पण त्या संध्याकाळी मला पटलं. मेंदूचं चित्र खोटं नव्हतं, आणि तुम्हीही खोटं बोलत नव्हतात. उत्तर उशिरा येणं म्हणजे उत्तर देणारा नसणं नव्हे. तुम्ही बरोबर होतात, अप्पा, हे तेवढं म्हणायचं राहिलं. उद्या कॉफीच्या वेळी म्हणेन, असं ठरवत राहिले.

शेवटच्या दिवशी तुम्ही तिरुक्करुगावूरला गेला होतात. रघू नको म्हणत होता, पण ते अंबाजोगाईचं जोडपं तुमच्याच ओळखीचं. मूल व्हावं म्हणून तुमच्याबरोबर येऊन गेलेलं, आणि आता तीन महिन्यांची मुलगी घेऊन देवीला नमस्कार करायला आलेलं. तुम्हाला त्यांचं नाव आठवलं नाही. त्यांनी सांगितलं, तुम्ही पुन्हा विचारलंत, त्यांनी पुन्हा सांगितलं. परतीच्या वाटेवर तुम्ही पुढच्या सीटवरून मागं वळून त्या मुलीशीच बोलत होतात. तिला शहाण्यासारखं सगळं समजावून सांगत होतात, कुठल्या देवळात काय बघायचं ते. मग म्हणालात, जरा डोळा लागतो.

सुंदरपेरुमाळ कोयिलपाशी रेल्वेचं फाटक पडलं होतं. सेल्वम सांगतो, त्यानं व्हॅन बंद केली आणि सवयीनं तुम्हाला विचारलं, "अय्या, चहावाल्याकडून काही आणू का?" तुम्ही उत्तर दिलं नाहीत. गाडी गेली. फाटक उघडलं. मागच्या लोकांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. सेल्वमनं व्हॅन सुरू केली नाही. मागं ती मुलगी जागी होती आणि तुमच्या सीटच्या पाठीकडे बघत होती, असं तिची आई मला म्हणाली.

राख सावडताना रघूच्या बोटांना हरभऱ्याएवढा धातूचा तुकडा लागला. झडपेतला असणार. त्यानं तो तळहातावर घेऊन अम्मांना विचारलं, हा ठेवू का? अम्मांनी बघितलं. म्हणाल्या, "तें त्यांचंच कीं. त्यांच्या बरोबर जाऊं दे." तोही कावेरीत गेला. पाणी भरपूर होतं या दिवसांत, गढूळ आणि वेगाचं.

दिवसकार्य झाल्यावर मी कामाला गेले. पहिल्याच दिवशी एका आजींना व्हीलचेअरवरून आणलं. तिरुविडैमरुदूरच्या बाजूच्या असाव्यात. मुलगा आणि सून बरोबर. मी आजींसमोर वाकले आणि तमिळमध्ये विचारलं, "आजी, नाव काय तुमचं?" मुलगा लगेच म्हणाला, "ती बोलत नाही, मॅडम. मी सांगतो ना." मी म्हटलं, "सांगा, पण जरा थांबा."

तो थांबला. मीही थांबले. आत दुसरा रुग्ण उतरत होता, बाहेर लोक खोळंबले होते, आमचा माणूस दारातून मला खुणा करत होता. आजी माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून तशीच बसून राहिले. किती वेळ गेला, मी पाहिलं नाही. सून पदराशी चाळा करायला लागली होती.

मग आजींचे ओठ हलले. त्यांनी नाव सांगितलं नाही. अगदी हळू विचारलं, "आत आवाज होतो का?"

मुलानं तोंडावर हात ठेवला.

"होतो, आजी," मी म्हटलं. "मोठा होतो. पण मी काचेपलीकडेच आहे."